नाव ११००-डी, पण पिस्टन कुठला? एका जुन्या फियाटच्या इंजिनाचं प्रकरण

फियाट ११००-डी ही गाडी इटलीत बनली आणि कुर्ल्यातही बनली. बाहेरून बघितलं तर दोघी बहिणी, पण बॉनेटखाली वेगवेगळ्या. इटलीत १९६२ साली ‘डी’ आली ती १२२१ सीसीचं इंजिन घेऊन, म्हणजे बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून डी बनवायला घेतली, पण इंजिन जुनंच ठेवलं: १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक तोच ७५. पुढे तिची प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली, तरी पेट्रोल पद्मिनीचं इंजिन हेच राहिलं. नाव एक आणि बोअर दोन, या घोळात सांगलीच्या एका गाडीचा ब्लॉक कापला जाता जाता राहिला.

गाडी १९६५ ची. मालक निवृत्त शिक्षक, वडिलांनी घेतलेली गाडी त्यांनी कधी विकली नाही. तक्रार नेहमीचीच: उतारावर पाय सोडून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागून निळा धूर, आणि सकाळी थंड इंजिनातून खटखट. इंजिन गरम झालं की खटखट बरीच कमी व्हायची. सरांची मुलगी जर्मनीत असते. तिने तिकडच्या एका जुन्या पार्टच्या दुकानातून ‘फियाट ११०० डी, १९६२ ते ६६’ असं लिहिलेला चार पिस्टनचा कोरा संच मागवला आणि सुट्टीला येताना घेऊन आली. मॉडेल बरोबर, साल बरोबर, खोकं सुद्धा त्या काळचं. मिस्त्रींनी हेड उतरवून पिस्टन बोअरच्या तोंडाशी धरला तर तो आत जाईच ना.

मिस्त्रींचा सल्ला सरळ होता. “सर, बोअर मारून घेऊया की. बोअर तर मारायलाच लागणार हाय. चार मिलिमीटर म्हंजे काय मोठं?”

इंजिन कोल्हापुरात उद्यमनगरला बोअरिंगसाठी आलं, तिथे माझा संबंध आला. माझं काम मोजमापाचं. बोअरिंग मशीनवर ब्लॉक चढवण्याआधी मी दोन गोष्टींसाठी थांबवलं. आधी आलेल्या संचाची ओळख पटवायची, मग इंजिनात जे चार पिस्टन होते त्यांची. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त बोलकं निघालं.

आलेला संच

यात फार डोकं चालवावं लागलं नाही. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, मायक्रोमीटर लावला: ७२ ला मिलिमीटरचे काही शतांश कमी. म्हणजे हा इटलीच्या डीचा स्टँडर्ड पिस्टन. दुकानदाराने फसवलं नव्हतं, त्याच्या यादीत ११००-डी म्हणजे १२२१ सीसीच. त्याच्या देशात दुसरी डी नव्हतीच.

कागदावर मिस्त्रींची सूचना अगदीच वेडगळ नाही. स्ट्रोक दोन्हीकडे ७५. बोअर ७२ झाला तर एका सिलिंडरचा भरणा ३०५ घन सेंटिमीटर होतो आणि तोच हेड ठेवला तर कॉम्प्रेशनचं गुणोत्तर आठच्या थोडं वर जातं. आजचं साधं पेट्रोल ते सहज पेलतं. अडचण भिंतीची. १२२१ चा ब्लॉक कारखान्याने ७२ च्या बोअरसाठी ओतलेला होता. आपला ६८ साठी ओतलेला आहे, आणि ओतकामात पाण्याच्या जॅकेटचा गाभा जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. ती पातळ बाजू कुठे आहे हे वरून दिसत नाही. कापताना पाणी लागलं तर तिथेच कळतं, नाहीतर पहिल्या घाटात.

इथे कुणीही विचारेल, मग स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नळी) टाकताना तरी काय करतो? तेव्हाही ब्लॉक ७१ च्या पुढेच कापावा लागतो. खरंय. पण तिथे कापलेल्या जागी पुन्हा लोखंडाची नळी दाबून बसते आणि भिंतीला आधार मिळतो. ७२ चा पिस्टन टाकला तर जे उरलं त्याच्यावरच सगळं. शिवाय पुढे परत कापायला जागा शून्य.

आणखी एक गोष्ट सरांना जास्त पटली. आरसी बुकात १०८९ सीसी लिहिलेलं आहे. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली, तिची अटच गाडी मूळ रूपात असण्याची आहे. सरांना ती नोंदणी करायची होती. इंजिनाची क्षमता बदलून त्या खिडकीवर कशाला उभं राहायचं?

संच खोक्यात परत गेला.

इंजिनातले चार

पिस्टन तपासण्याआधी बोअर मोजले. प्रत्येक सिलिंडर तीन खोलींवर आणि दोन दिशांना: क्रँकला समांतर आणि आडवा. तळाशी, जिथे पिस्टनवरची रिंग पोचतच नाही, तिथे चारही बोअर ६८.६० च्या आसपास. म्हणजे हे इंजिन पूर्वी कधीतरी ०.६० मिलिमीटर ओव्हरसाइजला कापलेलं. वर, टॉप रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, एक, दोन आणि चार नंबर ६८.७४ पर्यंत झिजलेले. तिसरा ६८.८२. झीज सगळ्यांची आडव्या दिशेला जास्त, ते अपेक्षितच असतं. तिसऱ्याने एवढी आघाडी का घेतली, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला.

हेड उतरवण्यापूर्वी मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजून घेतलेलं होतं, हे त्यांचं मोठं काम: ११०, १०८, ७८, ११२ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑईल सोडून परत घेतलं तेव्हा ९९. ऑईलने रिंगची फट तात्पुरती बुजते, व्हॉल्व्हची बुजत नाही. म्हणजे गळती मुख्यतः पिस्टनकडे.

कार्बन खरवडताना स्क्रू-ड्रायव्हर वापरला की पिस्टनची अर्धी ओळख खरवडली जाते. डोक्यावरचे ठसे उथळ असतात. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून लाकडाच्या पट्टीने हळू काढलं. एक, दोन आणि चारच्या डोक्यावर ‘०.६०’ आणि पुढच्या बाजूची खूण. तिसऱ्यावर ‘०२०’, बाकी काही नाही.

ठसा वाचताना आधी विचारायचं की हे माप कुठल्या देशाच्या सवयीचं आहे. ०.६० म्हणजे मिलिमीटर, बोअरशी जुळलं. ०२० मध्ये दशांश चिन्ह नाही आणि पुढे शून्य आहे. हे थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. वीस थाऊ म्हणजे ०.५०८ मिलिमीटर. ६८ मध्ये मिळवा: ६८.५१. आणि हा पिस्टन बसलेला होता ६८.६० च्या बोअरमध्ये! आधीच जितकी फट लागते त्याच्यावर जवळजवळ एक दशांश जास्त. थंड असताना पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटायचा, ती सकाळची खटखट. ॲल्युमिनियम गरम होऊन फुगलं की आवाज दबायचा. तिसरा बोअर का पुढे निघून गेला, तेही इथेच कळलं.

कुणीतरी कधीतरी फक्त एक पिस्टन बदलला होता. बहुधा रिंग तुटली असेल. दुकानात सहा दशांशाचा एक नग मिळाला नसेल, आणि ‘वीस’चा हातात बसतो तसाच दिसतो. डोळ्याला एक दशांश दिसत नाही.

पण व्यासावर थांबलो असतो तर पुढचं निसटलं असतं. ६८ मिलिमीटर हे माप या घराण्यात फार जुनं आहे. १९३७ च्या फियाट ५०८-सी मध्येही ६८ बाय ७५ च, १०८९ सीसीच. तिथपासून आपल्या शेवटच्या पेट्रोल पद्मिनीपर्यंत साठेक वर्षं हा आकडा हलला नाही. त्यामुळे ‘६८ चा आहे’ एवढ्याने पिस्टन ओळखला असं होत नाही. घराणं कळतं, पिढी कळत नाही. पिढी कळते ती गजन पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरून, डोक्याच्या आकारावरून, रिंगच्या खाचांच्या रुंदीवरून, स्कर्टच्या धाटणीवरून आणि वजनावरून.

चौघांची उंची मोजली. तिसरा बाकीच्यांपेक्षा ०.९ मिलिमीटर बुटका. म्हणजे तो टीडीसीला, धावेच्या सगळ्यात वरच्या टोकाला, आला तरी डोकं तेवढं खाली राहायचं. हिशेब करून बघा: ६८.६ च्या बोअरचं क्षेत्रफळ जवळपास ३७ चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.०९ सेंटिमीटर, म्हणजे ३.३ घन सेंटिमीटर जास्तीची जागा. ब्युरेटने हेड भरून, गॅस्केट धरून, बाकी सिलिंडरांची वरची जागा ४३ आली होती. तिथे कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ७.४५. तिसऱ्यात ४६.३, म्हणजे ७ च्या आत. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये तिसरा ऑईल घालूनही ९९ वरच का थांबला, त्यातला काही वाटा या उंचीचा. नवीन रिंग टाकली असती तरी तो सिलिंडर बाकीच्यांच्या बरोबरीला आला नसता. माझ्या मते हा याच इंजिनाच्या एखाद्या आधीच्या, कमी कॉम्प्रेशनच्या आवृत्तीचा पिस्टन असावा. पेट्रोल जितकं हलकं मिळायचं तितकं कॉम्प्रेशन कमी ठेवायचे, आणि ते कमी करायचा एक मार्ग पिस्टनच्या डोक्यातून जातो.

वजन: एक, दोन आणि चार एकमेकांच्या तीन ग्रॅममध्ये. तिसरा एकवीस ग्रॅम जड. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात आणि एकमेकांना सांभाळतात. त्यातला एक जड झाला की तो हिशेब बिघडतो. सर म्हणालेच होते, पन्नासच्या पुढे आरसा थरथरतो. मिस्त्रींनी त्यासाठी इंजिनाची रबरं बदललेली होती.

आता स्कर्ट. तिसरा भरीव. बाकी तिघांना ऑईल रिंगच्या खाली आडवी चीर आणि तिच्यातून खाली उतरणारी उभी चीर, इंग्रजी टी अक्षरासारखी. जुन्या पिस्टनमध्ये हे खूप दिसतं. आडवी चीर डोक्याची उष्णता स्कर्टकडे उतरू देत नाही, उभी चीर स्कर्टला थोडा दबायला वाव देते. त्यामुळे फट कमी ठेवता येते आणि आवाज कमी येतो. किंमत म्हणून ती बाजू कमजोर होते. म्हणून चिरेची बाजू जोराच्या भिंतीकडे कधी ठेवत नाहीत. समोरून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि धक्क्याच्या स्ट्रोकला पिस्टन पाहणाऱ्याच्या डाव्या भिंतीवर रेलतो. चीर उजवीकडे हवी. चौथा पिस्टन उलटा बसवलेला होता. उभ्या चिरेच्या टोकाला केसासारखी बारीक तडा सुरू झालेली, भिंगातून दिसली. निळा धूर तिसऱ्याचा होता, पण पुढचा मोठा खर्च चौथ्याने केला असता.

आतल्या बाजूला, पिनच्या कानांजवळ (पिन ज्यात बसते त्या जाड भागांजवळ), ओतीव अक्षरं असतात. तीही बघितली. तीन एका साच्यातले, तिसरा दुसऱ्याच कारखान्याचा. आपल्याकडे चेन्नईचं इंडिया पिस्टन्स, गाझियाबादचं श्रीराम पिस्टन्स अशा जुन्या कारखान्यांच्या खुणा पार्टवाले लांबून ओळखतात. युरोपातले काही कारखाने, उदाहरणार्थ माले, डोक्यावर पिस्टनचा खुद्द व्यास आणि शेजारी ‘एसपी’ लिहून अपेक्षित फट ठोकतात. म्हणजे काही ठशांत बोअरचं माप असतं, काहींत पिस्टनचं, तर काहींत नुसता वाढीव आकडा. तिन्ही गोष्टी एकाच काउंटरवर एकाच श्वासात बोलल्या जातात.

‘चाळीस’ मागितला तेव्हा

ठरलं असं: तिसऱ्याची झीज ६८.८२ असल्यामुळे ०.८० चा ओव्हरसाइज साफ होणार नाही. त्याच्या पुढचा एक मिलिमीटर, किंवा थाऊत चाळीस, म्हणजे १.०१६. चारही ६९ ला न्यायचे. १०८९ चे साधारण ११२२ सीसी होतात, पण ते रीबोअरच्या नेहमीच्या मर्यादेत आहे आणि ब्लॉकचं मूळ स्वरूप राहतं. स्लीव्ह पुढच्या वेळेसाठी राखून ठेवली.

संच शोधायला सरांचा पुतण्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेला. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यांचा माल मात्र दुकानांच्या माळ्यांवर अजून आहे. पुतण्याने दोन फोटो पाठवले. पहिल्या दुकानात प्रीमियरचा कोरा संच, स्वस्तात, ‘घेऊन टाका, प्रीमियरचाच आहे’ म्हणून. व्हर्निअर लावायला सांगितलं तर ७३. हा प्रीमियरच्याच दुसऱ्या गाडीचा, ११८-एनई चा. तिच्यात निस्सानचं ए-१२ इंजिन, ७३ बाय ७०, ११७१ सीसी. कंपनी प्रीमियर, इंजिन जपानी. आपल्या गाडीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसऱ्या दुकानात “पद्मिनी, चाळीस?” म्हटल्यावर खोकं समोर आलं. खोक्यावर ४०. पुतण्या खूश. मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, स्कर्टवर मोजून सांग. ६८.३६ आलं. हा ०.४० मिलिमीटरचा ओव्हरसाइज होता, आपल्याला हवा होता ०.०४० इंचाचा. दोघांत सहा दशांशाहून जास्त अंतर. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याच्याकडे दोन प्रकारचे चाळीस होते. त्याने माळ्यावरून दुसरं खोकं काढलं, डोक्यावर ‘०४०’. स्कर्ट ६८.९७. तिथल्या तिथे गजन पिन आणि उंचीही मोजायला लावली. आपल्या ०.६० च्या तिघांशी उंची जुळली. तो घेतला.

पिस्टन मोजायची जागा चुकली की सगळं चुकतं. पिस्टन गोल नसतो. पिनच्या दिशेला तो एक-दोन दशांश मिलिमीटर अरुंद असतो, कारण पिनच्या कानांजवळ धातू जास्त आणि गरम झाल्यावर तिकडे तो जास्त फुगतो. वरूनही तो निमुळता, कारण डोकं सगळ्यात तापतं. म्हणून माप पिनच्या काटकोनात आणि स्कर्टच्या खालच्या भागात, नाहीतर कारखान्याने जिथे सांगितलंय तिथे. आणि पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर तिन्ही एका खोलीत रात्रभर ठेवून मगच. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. उन्हातून आणलेला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक यांची फट मोजली तर ती त्या दुपारची फट असते.

संचातही चारात एक शतांशाचा फरक निघाला. त्यामुळे पिस्टनना नंबर घालून प्रत्येक बोअर त्याच्या त्याच्या पिस्टनला मापून कापला, शेवटचे काही शतांश होनिंगला, म्हणजे दगडाने घासून घ्यायला, ठेवून. वजनात सात ग्रॅमचा फरक होता. जड दोघांच्या पिनच्या कानांखालून, आतल्या बाजूने थोडं काढून चौघं दोन ग्रॅममध्ये आणले. डोक्याला किंवा स्कर्टला हात लावायचा नाही. रिंगच्या तोंडाची फट इंचामागे तीन-चार थाऊ या हिशेबाने आठ ते अकरा थाऊत बसवली. दुसऱ्या रिंगवरचा ‘टॉप’ वर ठेवला. तो उलटा बसला की रिंग ऑईल खाली खरवडण्याऐवजी वर ओढते, आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून धूर मारतं.

नंतर

हजार किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन घेतलं: १३८, १३६, १३७, १४०. धूर नाही. सकाळी अर्धा मिनिट अगदी हलकी टकटक येते, चिरेच्या पिस्टनऐवजी आता चारही भरीव स्कर्टचे असल्यामुळे फट थोडी जास्त ठेवलीय. मिस्त्रींना ती आवडत नाही. मला चालते. आरसा ऐंशीला स्थिर आहे.

सरांनी आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी घातलीय: बोअर ६९, पिस्टन ०४० थाऊ, पिनपासूनची उंची, वजन, तारीख. ७२ चा संच मुलीने परत नेला. तिकडच्या दुकानदाराने तो घेतला, आणि त्याच्या यादीत ११००-डी च्या समोर ‘भारतीय गाडीला चालणार नाही’ अशी ओळ घालायचं कबूल केलं.